मुठी आवळलेले बाळ

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नऊ बालग्रहांची लक्षणे दिली आहेत. त्यांतला पहिला स्कंदग्रह. त्याने धरलेले मूल अंगावर पीत नाही, त्याचे तोंड वाकडे होते, रडणे क्षीण होते आणि मुठी घट्ट आवळलेल्या राहतात. ग्रहाचे नाव बाजूला ठेवून नुसती लक्षणे वाचली, तर ती पाळण्याशेजारी बसून नीट पाहिलेल्या माणसाने लिहिली आहेत हे कळते.

हेच आवळलेल्या मुठींचे बाळ चीनमधल्या कागदपत्रांतही भेटते. भारतातून गेलेला बोधिरुची हा भिक्षू इ. स. ५०८ मध्ये लुओयांगला पोहोचला. त्याने चिनी भाषेत आणलेल्या ग्रंथांत मुलांच्या रक्षणाची एक धारणी आहे. तिच्यात मुलांना पछाडणाऱ्या पंधरा ग्रहांची यादी येते. स्कंदाने धरलेल्या मुलाचे खांदे हलतात, मुष्टिकेने धरलेल्याच्या मुठी उघडत नाहीत, शकुनीने धरलेले मूल दूध ओढत नाही. दहाव्या शतकाच्या अखेरीस सोंग राजवटीत आणखी एक भारतीय ग्रंथ चिनीत उतरला, तो रावणाच्या नावावर असलेला कुमारतंत्र. त्यात कितव्या दिवशी, महिन्यात वा वर्षी कोणती मातृका मुलाला धरते, याचा हिशेब आहे. तिसरी पूतना. तिने धरलेले मूल दूध घेत नाही, मूठ वळते आणि नजर वर लावते. झां फिलिओझा यांनी १९३७ मध्ये पॅरिसमध्ये या ग्रंथाचे भारतीय, तिबेटी, चिनी, कंबोडियन आणि अरबी पाठ शेजारी ठेवून अभ्यास प्रसिद्ध केला. या बाबतीत भारत आणि चीन यांच्यात देवघेव होती, हे त्यामुळे अंदाजावर सोडावे लागत नाही.

वाटेवरचा पुरावाही हाती आहे. १८९० मध्ये मध्य आशियातल्या कुचा येथे हॅमिल्टन बॉवर यांना भूर्जपत्रांवरचे जे हस्तलिखित मिळाले, त्यातल्या ‘नावनीतक’ या भागात मुलांच्या उपचारांचे प्रकरण आहे आणि त्यात काश्यपाचे नाव येते. खुद्द काश्यपसंहिता मात्र नेपाळमधल्या एका तुटक ताडपत्री पोथीतून, राजगुरू हेमराज शर्मा यांच्यामुळे वाचली आणि १९३८ मध्ये मुंबईत छापली गेली. आज इंदूरच्या अष्टांग आयुर्वेद महाविद्यालयासारख्या ठिकाणी कौमारभृत्य, म्हणजे आयुर्वेदातले बालरोगशास्त्र, शिकवताना ज्या काश्यपाचा आधार घेतला जातो, तो या खंडित पोथीतला काश्यप.

कुमारतंत्रातली पूतना तिसऱ्या दिवशी मुलाला धरते, तो उल्लेख मला महत्त्वाचा वाटतो. नवजात बाळाचा धनुर्वात बहुधा तिसऱ्या दिवसानंतर आणि पुष्कळदा पहिल्या आठवड्याच्या आसपास दिसू लागतो. पहिले दोन दिवस बाळ नीट पिते, मग दातखीळ बसू लागते, पिणे सुटते, अंग ताठते, पाठ धनुष्यासारखी वाकते आणि नुसत्या स्पर्शानेही आकडी येते. सटवाईची पूजा सहाव्या रात्री, त्याआधी पाचवीला पाट्या-वरवंट्याची पूजा, हे महाराष्ट्रात आणि इंदूरच्या मराठी घरांत सारखेच चालत आले. काश्यपसंहितेतही षष्ठी ही देवी आहे. तेवढ्यावरून सटवाई म्हणजे धनुर्वात असे समीकरण मी मांडणार नाही. जन्मताना गुदमरणे, मेंदूज्वर, रक्तातले कॅल्शियम उतरणे, यांतही बाळाला आकडी येते. पण भीतीचे दिवस नेमके मोजलेले होते आणि ते उगीच मोजलेले नव्हते, एवढे म्हणायला हरकत नाही.

कारणाच्या बाबतीत मात्र दोन परंपरांच्या वाटा वेगळ्या झाल्या, आणि इथे चिनी कागद फार मोलाचे आहेत. इ. स. ६१० मध्ये सुई राजवटीच्या दरबारातले वैद्य छाओ युआनफांग यांनी रोगांची कारणे आणि लक्षणे सांगणारा मोठा ग्रंथ सादर केला. त्यात मुलांच्या एका आकडीचे वर्णन आहे: मान आणि पाठीचा कणा ताठ होतो. कारण असे दिले आहे की, बेंबीची जखम भरलेली नसताना तिथून वारा शिरतो आणि थाययांग वाहिनीला बाधा करतो. चिनी वैद्यकात ही वाहिनी डोक्यावरून मानेकडे आणि पाठीवरून खाली पायापर्यंत जाते. म्हणजे जिथे ताठरपणा दिसतो, नेमकी तिथेच. सिद्धांत वाऱ्याचा असला तरी प्रवेशाचे दार बरोबर सांगितले आहे.

सुश्रुताकडे याचे दोन्ही तुकडे होते. निदानस्थानात तो धनुस्तंभ आणि अपतानक हे अंग ताठण्याचे विकार वर्णितो, आणि गर्भपात, अतिरक्तस्राव किंवा जखम यांमुळे झालेला अपतानक बरा होत नाही असे स्पष्ट सांगतो. शारीरस्थानात नाळ आठ अंगुळांवर दोऱ्याने बांधून कापावी, असेही सांगतो. चरकाने तर नाळ चुकीची कापल्यास बेंबीला होणारे विकार आणि बेंबी पिकल्यास लोध्र, ज्येष्ठमध, हळद घालून सिद्ध केलेले तेल, असा तपशील दिला आहे. पण मोठ्यांच्या जखमेतून येणारा ताठरपणा आणि बाळाच्या बेंबीची जखम यांच्यात दुवा जोडलेला नाही. ताठलेले बाळ ग्रहांच्या अध्यायातच राहिले.

चीनमध्ये तो दुवा पुढे घट्ट होत गेला. सातव्या शतकात सुन सिमियाओ नाळ सुरीने कापू नका म्हणतात. मध्ये कापड धरून दातांनी तोडावी. बाराव्या शतकातल्या, लेखकाचे नाव नसलेल्या एका बालरोगग्रंथाने हा रोग मोठ्या माणसांना जखमेतून होणाऱ्या आजारासारखाच आहे, असे उघड म्हटले. उपाय म्हणून तो नाळेवर औषधी वडी ठेवून तिच्यावर दवण्याच्या कुळातल्या वनस्पतीचे गव्हाएवढे गोळे जाळायला सांगतो. धनुर्वाताच्या जंतूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही काही काळ तग धरतात. त्यामुळे एवढ्या आगीने ते सगळे मरत असतील असे नाही. तरी ज्या जागी काही करायला हवे होते, त्याच जागी ते केले जात होते.

सगळा ताठरपणा चिनी वैद्यांनी एकाच खात्यात टाकला नाही, हेही नोंदले पाहिजे. छ्येन यी यांच्या १११९ मध्ये संकलित झालेल्या ग्रंथात तीव्र आणि मंद अशा दोन आकड्या वेगळ्या केल्या आहेत आणि त्यांचे उपचारही वेगळे आहेत. सोळाव्या शतकात श्वे काय आणि त्यांचा मुलगा श्वे जी ‘पाच कठीणपणां’विषयी लिहितात. त्यात हातपाय बर्फासारखे गार आणि कडक होतात, मान हलवता येत नाही, कारण शरीरातली ऊब टोकांपर्यंत पोहोचत नाही. आजचे चिनी डॉक्टर याचा संबंध गारठलेल्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कातडी कडक होण्याशी लावतात. तो वेगळा आजार आहे, आणि जुन्या वैद्यांनीही तो वेगळाच ठेवला होता.

पुढचे कागद थेट इंदूरजवळ येतात. १८७८ मध्ये इथे वैद्यकीय शाळा निघाली. १८८४ च्या डिसेंबरात कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. एलिझाबेथ बीटी इंदुरात आल्या, १८८६ मध्ये डॉ. मॅरियन ऑलिव्हर आल्या आणि १८९१ मध्ये स्त्रियांचे रुग्णालय उभे राहिले. याच वर्षांच्या शेजारी दुसऱ्या तारखा ठेवून पाहाव्यात. १८८४ मध्ये आर्थर निकोलायर यांना मातीत धनुर्वाताचा जंतू दिसला, १८८९ मध्ये कितासातो यांनी तो शुद्ध स्वरूपात वाढवला, १८९० मध्ये बेहरिंग आणि कितासातो यांनी प्रतिविष दाखवले. आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी यांनी आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला. तो हस्तलिखित प्रबंध आजही तिथे जपलेला आहे. स्वतःचे पहिले मूल दहा दिवसांचे असताना गमावलेली ही स्त्री जुने ग्रंथ आधुनिक परीक्षकांपुढे मांडत होती. बीजाणू शेणमातीत असतात, शेणाने लिंपलेल्या बेंबीत हवा न लागता वाढतात आणि त्यांचे विष मज्जातंतूंतून वर चढून स्नायूंना ढिले पडू देत नाही, ही साखळी तेव्हा नुकतीच उलगडू लागली होती.

नाळ कापणारे हात मात्र या कागदांपासून दूर होते. दाईने काही लिहून ठेवलेले नाही. तिच्याविषयी जे आहे ते दुसऱ्यांनी लिहिलेले. दाईंच्या प्रशिक्षणासाठी १९०३ मध्ये निघालेल्या व्हिक्टोरिया स्मारक निधीने १९१८ मध्ये भारतातल्या प्रसूतीच्या स्थितीवर अहवाल काढला. अशा नोंदी वाचताना सावध राहावे लागते, कारण लिहिणाऱ्यांच्या मनात दाईविषयी तिरस्कार असे. ती घरात असेल त्या विळ्याने नाळ कापी, वर राख किंवा शेण लावी. पण कोऱ्या पात्याची सोय तिला कोणी करून दिली होती, हे तिला दोष देणाऱ्यांनी क्वचितच विचारले. चीनमध्येही ग्रंथातले ज्ञान सुइणीपर्यंत पोहोचले नव्हते. म्हणूनच यांग छोंगरुई यांनी १९२९ मध्ये बीजिंगमध्ये, तेव्हाच्या बेपिंगमध्ये, राष्ट्रीय सुईण-विद्यालय काढले आणि निर्जंतुक नाळ-कापणीवर भर दिला. आपल्याकडे पुढे दाईंना पाच स्वच्छता शिकवल्या गेल्या: हात, जागा, पाते, दोरा आणि नाळेचे टोक. जोडीला गरोदर स्त्रियांना धनुर्वाताची लस आली. आईच्या रक्तातले संरक्षण नाळेतूनच बाळाकडे जाते.

काही दशकांपूर्वीपर्यंत भारतात दर वर्षी दीड ते दोन लाख नवजात बाळांना हा रोग होई. चीनमध्ये २०१२ साली आणि भारतात २०१५ साली त्याचे निर्मूलन जाहीर झाले. त्याचा निकष असा की, प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण असावा. इंदूर जिल्हाही त्यात आला. रोग पूर्ण संपला असे त्या निकषात म्हटलेले नाही, आणि देवीसारखा तो संपवताही येणार नाही, कारण बीजाणू मातीत राहतातच. म्हणून प्रत्येक गरोदरपणात ती सुई अजूनही टोचली जाते.