वर्गातील डुलकी आणि शाळेचे घड्याळ

वर्गात बसल्या बसल्या विद्यार्थ्याचे डोळे मिटणे, मान हळूहळू छातीकडे झुकणे आणि शेजाऱ्याच्या कोपरखळीने तो दचकून जागा होणे, हा प्रकार शिक्षणाइतकाच जुना आहे. त्याकडे पाहण्याची समाजाची दृष्टी मात्र काळानुसार बदलत गेली असून, महाराष्ट्रातील शिक्षणाच्या इतिहासात ती कधी धर्माज्ञेच्या, कधी छडीच्या, तर अलीकडे शासननिर्णयाच्या रूपाने प्रकट झालेली दिसते. हा इतिहास क्रमाने पाहिला असता असे लक्षात येते की, डुलकीचा संबंध विद्यार्थ्याच्या आळसापेक्षा शाळेची वेळ, बसण्याची तऱ्हा आणि शिकवण्याची रीत यांच्याशी अधिक आहे.

या प्रश्नाची सर्वांत जुनी दखल मुंजीच्या विधीत सापडते. उपनयन झालेल्या बटूला, म्हणजे अध्ययनास आरंभ करणाऱ्या मुलाला, जे पहिले नियम सांगितले जातात, त्यांत दिवसा झोपू नये हा एक असून, तो आश्वलायनादी गृह्यसूत्रांत, म्हणजे घरगुती संस्कारांचे विधी सांगणाऱ्या ग्रंथांत, आलेला आहे. मनुस्मृतीने तर सूर्योदयाच्या वेळी झोपून राहिलेल्या ब्रह्मचाऱ्याला दिवसभर उपवास आणि जप असे प्रायश्चित्त सांगितले. सुभाषितकारांनी विद्यार्थ्याच्या पाच लक्षणांत श्वाननिद्रेचा, म्हणजे जराशा चाहुलीने मोडणाऱ्या सावध झोपेचा, समावेश केला. आयुर्वेदाने मात्र याच प्रश्नाकडे अधिक सहानुभूतीने पाहिले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निद्रेचा विचार करताना, एरवी दिवसा झोपणे अपथ्यकर मानूनही, ग्रीष्मातील रात्री लहान असल्याने त्या ऋतूत ती झोप मान्य केली आहे, आणि इतर ऋतूंतही ज्यांना दिवसा झोपण्यास हरकत नाही अशांच्या यादीत अध्ययनाने थकलेल्यांना स्थान दिले आहे. शिस्त आणि शरीर यांच्यातील हा मतभेद पुढील सर्व इतिहासात टिकून राहिला.

पेशवाईत आणि त्यानंतरही काही काळ गावोगावी चालणाऱ्या पंतोजींच्या शाळा देवळात, एखाद्या वाड्याच्या ओसरीवर किंवा पंतोजींच्या घरीच भरत. तेथे मुले जमिनीवर मांडी घालून बसत, धूळपाटीवर, म्हणजे बारीक धूळ पसरलेल्या फळीवर, अक्षरे गिरवीत आणि पाढे मोठ्याने म्हणत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे एका मुलाने सांगायचे आणि बाकीच्यांनी एका सुरात उचलायचे, आणि दिवेलागणीला परवचा, म्हणजे पाढे, तिथी, वार, नक्षत्रे यांची रोजची उजळणी, म्हणायची, असा हा क्रम होता. या घोकंपट्टीवर पुढील काळात बरीच टीका झाली आणि ती बऱ्याच अंशी योग्यही होती, परंतु तिचा एक गुण निर्विवाद आहे: ज्याचे तोंड चालू आहे त्याला झोप लागणे अवघड असते, आणि पाठीला टेका नसलेल्या मांडीच्या बैठकीत लागलेली डुलकी फार वेळ टिकतही नाही.

उशिरा उठणाऱ्यांची व्यवस्था वेगळी होती. बल्लारीचे कलेक्टर ए. डी. कॅम्पबेल यांनी १८२३ साली आपल्या जिल्ह्यातील देशी शाळांविषयी जो अहवाल लिहिला, त्यात सकाळी सहाला भरणाऱ्या शाळेत सर्वांत आधी येणाऱ्या मुलाच्या तळहातावर मानाने सरस्वतीचे नाव लिहिले जाई, दुसऱ्याच्या हातावर केवळ शून्य काढले जाई, तिसऱ्याला छडीचा एक हलका फटका, चौथ्याला दोन, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकाला एकेक अधिक, अशी पद्धत नोंदवली आहे. झोपेचा हिशेब इतक्या काटेकोर अंकगणिताने ठेवणारी दुसरी पद्धत क्वचितच आढळेल.

चार्ल्स वुड यांच्या १८५४ च्या खलित्यानंतर, म्हणजे हिंदुस्थानातील शिक्षणाचे धोरण ठरवणाऱ्या पत्रानंतर, मुंबई इलाख्यात १८५५ साली सरकारी शिक्षण खाते स्थापन झाले आणि शाळेचे स्वरूप पालटत गेले. इयत्ता, तासिका, घंटा आणि हजेरीपट यांबरोबर शाळांत बाके आली, आणि सामूहिक पठणाच्या जागी शिक्षकाने बोलायचे व विद्यार्थ्यांनी गप्प बसून ऐकायचे ही रीत रुळली. डुलकीच्या दृष्टीने हे बदल फार महत्त्वाचे होते, कारण बाकाने डोके टेकण्यास जागा दिली, शांततेने झोपेची वाट मोकळी केली, आणि अकरा ते पाच या सर्वपरिचित वेळेने मधल्या सुट्टीनंतरची पहिली तासिका नेमकी दुपारच्या सुस्तीत आणून ठेवली. त्यातही पुण्यासारख्या शहरात वार लावून, म्हणजे आठवड्यातील प्रत्येक दिवशी वेगळ्या घरी जेवून, शिकणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांना जेवणाची वेळ यजमानांच्या सोयीने पाळावी लागे. अशा विद्यार्थ्याची वर्गातील पेंग ही निष्काळजीपणाची खूण मानणे अन्यायाचे ठरते.

दुसरा मोठा बदल घड्याळाने घडवला. मुंबईची स्थानिक वेळ सूर्याच्या गतीवरून ठरत असे आणि ती आजच्या भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटे मागे होती. प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली, तरी मुंबईच्या महानगरपालिकेने १९५५ पर्यंत जुनी ‘मुंबई टाइम’ सोडली नाही. प्रमाणवेळेची रेखा पूर्वेकडे मिर्झापूरजवळून जात असल्याने घड्याळात सात वाजतात तेव्हा मुंबईचा सूर्य सव्वासहाच्या पुढे नुकताच सरकलेला असतो, आणि जानेवारीच्या मध्यास तर तेथे सूर्योदयच सव्वासातच्या सुमारास होतो. शहरांत विद्यार्थी वाढले आणि इमारती अपुऱ्या पडल्या, तेव्हा एकाच वास्तूत सकाळ व दुपार अशी दोन सत्रे भरवण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे सकाळच्या सत्रातील मुलांना हिवाळ्यात अंधारातच घर सोडावे लागले, आणि डुलकी दुपारवरून पहिल्या तासिकेवर सरकली.

विसाव्या शतकातील संशोधनाने या अनुभवाला शास्त्रीय आधार दिला. अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार झोप दोन गोष्टींनी ठरते: जागेपणाच्या प्रत्येक तासागणिक वाढणारी झोपेची निकड आणि शरीरातील सुमारे चोवीस तासांचे जैविक घड्याळ. दुपारची सुस्ती जेवणाने वाढत असली तरी ती जेवण टाळूनही पुरती टळत नाही, कारण तिचे मूळ या घड्याळात आहे. मेरी कार्स्काडन यांनी अमेरिकेत १९७० च्या दशकात सुरू केलेल्या अभ्यासांतून असे दिसले की, वाढत्या वयाबरोबर मुलांची झोपेची गरज समजली जाते तितकी घटत नाही, किशोरांनाही सुमारे नऊ तास झोप लागते, आणि वयात येताना दिवसाची पेंग उलट वाढते. पुढील संशोधनाने याच वयात जैविक घड्याळ पुढे सरकून रात्री झोप उशिरा येते हेही दाखवले. अशा मुलाला लवकर निजण्याचा उपदेश केला तरी तो अंथरुणावर जागाच राहतो.

महाराष्ट्रात या विचाराला २०२३ च्या डिसेंबरात राज्यपाल रमेश बैस यांनी शाळांच्या वेळा बदलण्याविषयी केलेल्या सूचनेने चालना मिळाली, आणि फेब्रुवारी २०२४ च्या शासननिर्णयाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्यास सांगितले. दोन सत्रांच्या शाळा आणि शालेय बसचालक यांच्या अडचणी लगेच पुढे आल्या, त्या खऱ्याही आहेत. तथापि विद्यार्थ्याची झोप हा शिक्षणखात्याने विचारात घेण्याचा विषय आहे, हे या निर्णयाने प्रथमच ठळकपणे मान्य केले. कॅलिफोर्नियात २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांना, मोजके अपवाद वगळता, सकाळी साडेआठच्या आधी सुरुवात करण्यास मनाई केली आहे. ज्या वयाच्या मुलांसाठी तेथे कायदा झाला, त्याच वयाची आठवी ते दहावीची मुले महाराष्ट्रातील अनेक शाळांत आजही सात वाजता बाकावर बसतात, आणि शास्त्र ज्यांना उशिरा उठण्याची सर्वाधिक गरज सांगते तीही हीच मुले आहेत. म्हणून या सुधारणेचे पुढचे पाऊल माध्यमिक वर्गांकडे वळले पाहिजे, आणि तोवर वर्गात पेंगणारा विद्यार्थी दिसताच शिक्षकाने त्याला उभे करण्याआधी तो किती वाजता उठला हे आपुलकीने विचारले, तर अनेक शतकांच्या छडीने जे साधले नाही ते साधण्याचा आरंभ तेथूनच होईल.