तळटीप : पात्याचा पीळ

* पात्याचा पीळ : मूळ मजकुरात गेडसरच्या पवनचक्कीचा उल्लेख ओझरता आहे, म्हणून हा खुलासा. डेन्मार्कमध्ये गेडसर येथे योहानेस यूल यांनी १९५७ साली उभारलेल्या या २०० किलोवॉटच्या यंत्राला तीन पाती होती. चक्राचा व्यास २४ मीटर. चक्र मिनिटाला सुमारे ३० फेरे घेई. म्हणजे पात्याचे टोक सेकंदाला जवळजवळ ३८ मीटर वेगाने धावे, मध्यभाग त्याच्या निम्म्या वेगाने आणि बुंधा फारच सावकाश. पात्याला जाणवणारा वारा हा मूळ वारा आणि पात्याची स्वतःची गती यांच्या मेळातून ठरतो. त्यामुळे त्याची दिशा टोकापासून बुंध्यापर्यंत बदलत जाते. प्रत्येक ठिकाणी तो योग्य कोनात मिळावा व उचल देणारे बल निर्माण व्हावे, म्हणून पाते बुंध्याकडे अधिक वळवतात. हाच पीळ. वारा फार वाढला की हा कोनही वाढतो, हवेचा प्रवाह पात्याच्या पाठीवरून सुटतो, उचल घटते आणि वीजनिर्मिती आपोआप मर्यादेत राहते. शिवाय पात्यांच्या टोकांना आणीबाणीचे ब्रेक होते. अर्थात पाते कितीही उत्तम घडवले, तरी वाऱ्यातील ऊर्जेपैकी ५९.३ टक्क्यांहून अधिक हिस्सा खुल्या चक्राला घेता येत नाही. ही मर्यादा आल्बर्ट बेट्झ यांच्या नावाने ओळखली जाते. गेडसरचे यंत्र १९६७पर्यंत चालले. पुढच्या डॅनिश पवनचक्क्यांचा पाया याच मांडणीने घातला. — संपा.