छत्रांची वाट

चेन्नईहून दक्षिणेकडे जाणारा ईस्ट कोस्ट रोड, इथल्या बोलीतला ईसीआर, पुदुच्चेरीपर्यंत सर्वांना माहीत असतो. नागपट्टिनम मागे पडल्यावर मात्र गर्दी सरते. आता राष्ट्रीय महामार्ग ३२ म्हणवणारा हा रस्ता अदिरामपट्टिनमची मिठागरे, मल्लिपट्टिनमचे मच्छीमार बंदर, सेतुबावाछत्रम, मणमेल्कुडी, मीमिसल, तोंडी, देवीपट्टिनम अशी गावे घेत रामनाथपुरमला पोचतो. एका हाताला पाल्कच्या सामुद्रधुनीचे उथळ, जवळजवळ बिनलाटांचे पाणी आणि दुसऱ्या हाताला ताडाची झाडे. मी राहते अंबत्तूरला, शहराच्या वायव्येकडच्या कारखान्यांच्या वस्तीत. तिथून समुद्र दिसत नाही. अनुवादाच्या कामात वारंवार भेटणाऱ्या एका शब्दाने मला या रस्त्याकडे नेले. तो शब्द म्हणजे छत्र.

संस्कृतात 'सत्र'. त्याचे तमिळमध्ये 'सत्तिरम' झाले, मराठीत 'अन्नसत्र' आणि 'अन्नछत्र' अशी दोन्ही रूपे नांदली, तर कंपनीच्या कागदांत ते 'चट्ट्रम' बनून आले. प्रवाशाला उतरायला जागा आणि खायला अन्न, तेही विनामूल्य, असा त्याचा अर्थ. या किनाऱ्यावर तो गावाच्या नावातच शिरलेला आहे. 'सेतुबावाछत्रम' हे नाव उच्चारून पाहा. त्यातले 'सेतु' आणि 'छत्र' कोणाही भारतीयाचे. 'बावा'पाशी मात्र मराठी कान थबकतो.

ही वाट रामेश्वराची. काशीची गंगा रामेश्वराला आणि सेतूची वाळू काशीला, ही परिक्रमा महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी पायी केली. एकनाथांनी रामेश्वरासाठी आणलेली कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण ते यात्रेकरू दक्षिणेत कुठे मुक्काम करत, काय खात, हे आपण सहसा विचारत नाही. त्याचे उत्तर तंजावरच्या भोसल्यांनी या वाटेवर बांधून ठेवले होते.

तंजावरहून निघाले की ओरत्तनाडू, मग पट्टुकोट्टै, मग समुद्र. यातले पहिले दोन टप्पे प्रत्येकी पंचवीसेक किलोमीटरचे, म्हणजे चालणाऱ्याचा एकेक दिवस. त्या काळी रस्ता म्हणजे डांबराची पट्टी नव्हे. पावसात वाहून जाणारी, वाळूत हरवणारी पाऊलवाट होती ती. तिला रस्तेपण येई ते पुढच्या मुक्कामी चूल पेटलेली असेल या भरवशाने. ओरत्तनाडूचे छत्र दुसऱ्या सरफोजीने आपल्या प्रिय मुक्तांबेच्या नावाने उभारले. त्याचा एक भाग रथासारखा असून त्यावर घोडे आणि हत्ती कोरलेले आहेत. नीडामंगलमचे छत्र यमुनांबेच्या नावाचे. राजांची नावे किल्ल्यांना आणि ग्रंथालयाला मिळाली. जेवू घालणाऱ्या घरांना मात्र बहुधा राजघराण्यातल्या स्त्रियांची.

या छत्रांचा खरा कस लागला तो राज्य गेल्यावर. १७९९ च्या तहाने सरफोजीने तंजावरचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. हाती उरला किल्ला आणि ठरलेला तनखा. त्यानंतर जानेवारी १८०१ मध्ये त्याने रेसिडेंट बेंजामिन टोरिनला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात छत्रांचा तपशीलवार हिशेब येतो. ब्राह्मणापासून परैयरापर्यंत सर्वांना, जोगी, जंगम, बैरागी यांनाही अन्न मिळते. शिजवलेले न चालणाऱ्यांना शिधा मिळतो. मध्यरात्री घंटा वाजवून अजून कोणी उपाशी आहे का, अशी हाक दिली जाते. आजाऱ्याला वैद्य आणि पथ्याचे अन्न, पोरक्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना आधार. हे दान जातिभेद मोडत नव्हते. शिध्याची वेगळी सोयच ते सांगते. तरीही घंटा सर्वांसाठी वाजत होती.

त्याच पत्रात सरफोजी लिहितो की या दानामुळे तंजावरला 'धर्मराज्य' म्हणतात आणि हीच आपल्या पदाची सर्वांत मानाची खूण आहे. इथे अनुवादकाला सावध राहावे लागते. आजच्या कानांना 'धर्मराज्य' म्हणजे एखाद्या धर्माचे राज्य असे ऐकू येईल. पण 'धर्मशाळा', 'दानधर्म' आणि भिकाऱ्याच्या तोंडचे 'धर्म करा' यांतला धर्म वेगळा आहे. तमिळमध्येही 'धर्मम' म्हणजे दान. पत्राच्या संदर्भात राज्य धार्मिक ठरते ते वाटेवरच्या अनोळखी माणसाला जेवू घातल्यामुळे. शब्दाचा हा अर्थ हरवला तर त्या वाटेचाही अर्थ हरवतो.

पत्रानंतरही छत्रांचा कारभार सरफोजीकडे राहिला. मुलूख नसलेल्या राजाच्या राज्यात मुख्यतः स्वयंपाकघरे उरली. त्याच सरफोजीने मल्लिपट्टिनमजवळ समुद्रकाठी 'मनोरा' नावाचा बुरूज बांधला. इंग्रजांचा विजय आणि बोनापार्टचा पाडाव यांचे ते स्मारक, साल १८१४. त्यावरचा लेख तमिळ, तेलुगू, मराठी, इंग्रजी अशा अनेक भाषांत आहे. परक्याच्या विजयासाठी दगडावर इतक्या भाषा खर्ची पडल्या आणि आज पर्यटक थांबतात तेही तिथेच.

१८५५ मध्ये शेवटच्या राजाबरोबर गादी संपली. पुढे रेल्वे आली आणि १९१४ मध्ये पांबनचा पूल खुला झाल्यावर यात्रेकरू गाडीतच बसून बेटावर उतरू लागले. रामेश्वराचे अंतर तासांत मोजले जाऊ लागले, तशी दिवसाच्या चालीवर बांधलेली छत्रे निरुपयोगी झाली. डिसेंबर १९६४ च्या वादळाने बेटाच्या टोकाचे धनुष्कोडी आणि तिथवरचा लोहमार्ग नेला. १९८८ पासून मोटारीही पुलावरून बेटावर जातात. किनाऱ्याचा रस्ता पक्का आणि वेगवान झाला तसा मुक्काम करण्याचे कारणच उरले नाही.

तंजावरच्या मराठी वारशात आपण सरस्वती महाल ग्रंथालय, चित्रे, नाटके आणि कीर्तन मोजतो. त्या यादीत ही वाटही यायला हवी. ओरत्तनाडूचा दगडी रथ वाचवायचा तर तो कशासाठी उभारला होता हे आधी लोकांना, तमिळांना आणि मराठींना, त्यांच्या भाषेत सांगावे लागेल. त्यासाठी मनोऱ्याएवढा उंच बुरूज नको. त्या पत्रातला मध्यरात्रीच्या घंटेचा मजकूर छत्राच्या दाराशी दोन्ही भाषांत लावला, तरी वाटसरूला आपण कोणत्या रस्त्यावर आहोत ते कळेल.