बाटलीतला वायू कुणाचा?

रुग्णावरच्या उपचारासाठी बनवलेल्या कार-टी पेशींच्या पिशवीत जंतू शिरलेत का, हे सांगणाऱ्या यंत्राचं कूळ शोधत गेलं की वाट मंगळावरून जाते. सगळ्यांना हे पटणार नाही, पण मला पक्कं वाटतं.

इंजेक्शनचं औषध गाळून किंवा तापवून निर्जंतुक करता येतं. जिवंत पेशी तापवल्या की मरतात, आणि जंतू अडवणारी गाळणी त्यांनाही अडवते. म्हणजे उरते फक्त तपासणी. तिची जुनी रीत अशी: नमुना पोषक द्रवात घालून १४ दिवस ठेवायचा आणि द्रव गढूळ होतो का ते डोळ्यांनी पाहायचं. इथे मुळात पेशींमुळेच द्रव गढूळ दिसतो, आणि रुग्णाला १४ दिवस थांबायला सवड नसते. म्हणून रुग्णालयांत रक्तातला जंतुसंसर्ग ओळखणारी यंत्रं या कामाला लागली. ती गढूळपणा बघत नाहीत, जंतूंनी सोडलेला कार्बन डायॉक्साइड टिपतात. २०१२मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, एफडीएनं, नियम बदलून अशा पर्यायी पद्धतींची वाट मोकळी केली.

ही वायूची युक्ती कुणाची? गिल्बर्ट लेव्हिन हा सार्वजनिक आरोग्य खात्यांत काम केलेला अभियंता. पाण्यातले कोलिफॉर्म जंतू ओळखायला तेव्हा दोन-दोन दिवस लागत. त्यानं जंतूंना किरणोत्सारी कार्बन-१४ असलेली दुग्धशर्करा खाऊ घातली आणि बाहेर पडणारा वायू मोजला. १९५६मध्ये ते छापून आलं. हीच कल्पना त्यानं नासाकडे नेली. उपकरणाचं पहिलं नाव होतं ‘गलिव्हर’. १९७६मध्ये व्हायकिंग यानांतून ही युक्ती मंगळावर उतरली.

मधल्या काळात, १९६९मध्ये, जॉन्स हॉपकिन्सच्या डीलँड आणि वॅग्नर यांनी कार्बन-१४ असलेलं ग्लुकोज वापरून जंतूंची वाढ लवकर ओळखता येते असं दाखवलं. त्यातून रक्तातला जंतुसंसर्ग ओळखणारं बॅक्टेक यंत्र आलं. पुढे किरणोत्सार गेला आणि रंग बदलणारे, चमकणारे संवेदक आले.

आक्षेप असा, की वॅग्नर अणुवैद्यकातला माणूस. कार्बन-१४ त्याच्या हाताशीच होता आणि शर्करेचा वायू होतो हे जीवरसायनशास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होतं. मग लेव्हिनकडून उसनवारी कशाला मानायची? आक्षेप वजनदार आहे. पण लेव्हिननं डॉक्टरेट घेतली ती याच जॉन्स हॉपकिन्समधून, १९६३मध्ये. त्याचा लेख तर त्याआधीच सार्वजनिक आरोग्याच्या नियतकालिकात आलेला होता. एकाच विद्यापीठात, इतक्या थोड्या अंतरानं, तोच समस्थानिक आणि तोच वायू! एवढ्यानं उसनवारी सिद्ध होत नाही हे मान्य. तरी मी लेव्हिनच्याच बाजूनं उभा राहीन.

याला कारण या घराण्याचा आनुवंशिक दोष. मंगळाच्या मातीवर पोषक द्रव टाकताच वायू आला. तो सजीवांचा की मातीतल्या रसायनांचा? दुसऱ्यांदा द्रव टाकल्यावर नव्यानं वायू उसळला नाही, म्हणून बहुतेकांनी रसायनांना कौल दिला. लेव्हिन २०२१मध्ये वारला, तोवर सजीवांच्याच बाजूनं भांडत होता. पेशींच्या बाटलीतही नेमका हाच पेच पडतो, कारण रुग्णासाठी बनवलेल्या पेशीही श्वसन करतात आणि वायू सोडतात. त्यामुळे यंत्र केवळ वायू आहे की नाही एवढंच बघत नाही, त्याचा वेग कसा चढतो तेही बघतं. इशारा आला की द्रवाचा थेंब ग्राम पद्धतीनं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात आणि ताटलीवर पुन्हा वाढवून बघतात. ही सोय व्हायकिंगवर नव्हती.