लॉक कोणी धरला आहे? मेनफ्रेमवरील ट्रेसचा इतिहास

रेल्वेचे संगणकीकृत आरक्षण १९८५ मध्ये दिल्लीत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाले. १९९९ मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रे ‘कॉन्सर्ट’ प्रणालीने जोडली गेली. चंडीगडच्या खिडकीवर मुंबई-सोलापूरचे तिकीट मिळू लागले. मात्र त्याच क्षणी तोच बर्थ मुंबईतही कोणी मागत असेल तर? डेटाबेसमधील नेहमीचे उत्तर असे: पहिल्या व्यवहाराने नोंदीवर लॉक लावायचा, दुसऱ्याने थांबायचे. रेल्वेची यंत्रे मेनफ्रेम नव्हती. पण बँकांच्या मेनफ्रेमपुढेही हाच प्रश्न होता.

या उत्तराची शास्त्रीय मांडणी १९७६ मध्ये आयबीएमच्या सॅन होजे येथील संशोधकांनी केली. ईश्वरन, ग्रे, लोरी आणि ट्रेगर यांनी लॉकचे नियम सिद्ध केले. लॉक मोठा असेल तर हिशेब सोपा, पण प्रतीक्षा जास्त. लहान असेल तर उलट, हेही ग्रे व सहकाऱ्यांनी त्याच वर्षी दाखवले. १९८३ मध्ये जाहीर झालेल्या डीबी२ मध्ये हे संशोधन मेनफ्रेमवर आले. सुरुवातीला त्यात एका ओळीपुरता लॉक नव्हता, पेजचा होता. ओळीचा लॉक १९९५ च्या चौथ्या आवृत्तीत आला.

तरीही प्रतीक्षा संपली नाही. समजा, एक बॅच प्रोग्राम हजारो ओळी बदलतो आणि कमिट अगदी शेवटी करतो. लॉक ओळीचे असले तरी ते साचत जातात. ठरलेली मर्यादा ओलांडली की डीबी२ त्यांच्या जागी पूर्ण टेबलचा लॉक घेतो. खिडकीवरचा कर्मचारी म्हणतो, ‘सिस्टिम स्लो आहे.’ आकडेवारीतून किती व्यवहार थांबले ते कळते, पण कोणामुळे ते कळत नाही.

येथे ट्रेस उपयोगी पडतो. डीबी२ प्रत्येक प्रकारच्या घटनेला क्रमांक देतो. व्यवहार लॉकसाठी थांबला की ४४, पुन्हा चालू झाला की ४५. दोन्हींच्या वेळांतील फरक म्हणजे प्रतीक्षा. १७२ म्हणजे डेडलॉक आणि १९६ म्हणजे टाइमआउट. या दोन नोंदींत लॉक धरणारा आणि थांबलेला, दोघेही सापडतात. त्या क्वचित होत असल्याने सतत चालू ठेवता येतात. ४४-४५ मात्र प्रचंड संख्येने निर्माण होतात. म्हणून तो ट्रेस तक्रारीच्या वेळेपुरताच लावावा.

१९६ मध्ये बॅच प्रोग्रामचे नाव आले, तर उपाय अधूनमधून कमिट करणे हा आहे. १७२ मध्ये दोन प्रोग्राम तीच टेबले उलट क्रमाने घेताना दिसले, तर क्रम एकच ठेवावा. दोन्ही ठिकाणी नवे यंत्र घेऊन दोष जात नाही.

विचार करा: टाइमआउट झालेल्या प्रोग्रामचीच दुरुस्ती केली, तर दुसऱ्या रात्री काय होईल?