आपे

बारामती-इंदापूर रस्त्यावर दुधाच्या किटल्या, डाळिंबाचे क्रेट, कांद्याची पोती घेऊन एक तीनचाकी धावते. कुणी तिला ‘ॲपे’ म्हणतो, कुणी कंपनीच्या नावावरून ‘पियाजो’. सणसर, निमगाव केतकीच्या माणसाला दोन्ही नावं घरचीच, कारण गाडीही घरचीच: नव्वदीच्या अखेरीस बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना उभा राहिला.

रोमन लिपीतलं नाव इंग्रजीसारखं वाचलं गेल्यानं ‘ॲपे’ झालं. मूळ शब्द इटालियन, उच्चार ‘आपे’, अर्थ मधमाशी. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या इटलीत माल वाहायला स्वस्त साधन हवं होतं. पियाजिओनं 1946 साली स्कूटर काढली, तिचं नाव ‘वेस्पा’, म्हणजे गांधीलमाशी. दोन वर्षांनी तिच्याच धर्तीवर मालवाहू तीनचाकी आली आणि तिला कामकरी माशीचं नाव मिळालं. ही निवड मला फार नेमकी वाटते: लहान अंग, सतत गुणगुण, पाठीवर ओझं. पुढं 2012 पासून वेस्पाही बारामतीतच बनू लागली, म्हणजे दोन्ही माश्या एकाच पोळ्यात आल्या.

‘आपे’चं मूळ लॅटिन ‘एपिस’. हाच शब्द शास्त्रज्ञांनी मधमाशीच्या जातकुळीला दिला. आपली सातेरी म्हणजे ‘एपिस सेराना’, आग्या म्हणजे ‘एपिस डोर्साटा’. इंदापूरच्या बागेत डाळिंबाच्या फुलावर बसते ती एपिस, आणि तीच डाळिंबं भरून मार्केट यार्डाकडं निघते ती आपे.