संधिप्रकाशातील वास्तू : न्यूयॉर्कमधील तीन छायाचित्रांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

इतिहासलेखनाचे एक साधन म्हणून छायाचित्राला आता मान्यता मिळाली आहे. तथापि वास्तूंच्या छायाचित्रांकडे बहुधा त्या वास्तूच्या रूपाची नोंद म्हणूनच पाहिले जाते. ते दिवसाच्या कोणत्या वेळी घेतले गेले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. सूर्यास्तानंतरच्या कृष्णधवल छायाचित्रांबाबत हा प्रश्न टाळता येत नाही. दिवसा बाहेरून पाहता खिडक्या काळ्या दिसतात, तर रात्री इमारतीची बाह्यरेषा अंधारात विरून जाते. संधिप्रकाशात मात्र आकाशाचा आणि दिव्यांचा उजेड काही मिनिटे जवळजवळ तुल्यबळ असतो. आकाशाचा निळेपणा व दिव्यांचा पिवळेपणा हा भेदही कृष्णधवल चित्रात लोपतो आणि दोन्ही प्रकाश करड्या रंगाच्या एकाच श्रेणीत येतात. या अल्प अवधीचा उपयोग छायाचित्रकारांनी कसा केला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

धूसरतेचे सौंदर्य

न्यूयॉर्कची फ्लॅटआयर्न इमारत १९०२ मध्ये पूर्ण झाली. एडवर्ड स्टायकेन यांनी १९०४ मध्ये तिचे सायंकाळी घेतलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे. ओला रस्ता, निष्पर्ण फांद्या, घोडागाडीवाल्यांच्या काळ्या आकृती आणि त्यामागे धूसर उभी असलेली इमारत असे त्याचे स्वरूप आहे. छायाचित्राला चित्रकलेची प्रतिष्ठा मिळवून देऊ पाहणाऱ्या चळवळीतील स्टायकेन हे अग्रणी होते. त्यांनी प्लॅटिनम मुद्रितांवर रंगद्रव्याचे थर चढवले. त्यामुळे ही मुद्रिते काटेकोर अर्थाने कृष्णधवल नाहीत. येथे संधिप्रकाश वास्तूचा तपशील झाकतो. इमारतीत कोण काम करते, हे चित्र सांगत नाही.

कामाच्या वेळेची नोंद

बेरेनिस अ‍ॅबट (१८९८–१९९१) यांची दृष्टी वेगळी होती. पॅरिसमध्ये मॅन रे यांच्याकडे साहाय्यक म्हणून काम करीत असताना त्यांना युजीन आत्जे यांनी टिपलेल्या जुन्या पॅरिसच्या छायाचित्रांचा परिचय झाला. १९२९ मध्ये त्या न्यूयॉर्कला परतल्या आणि झपाट्याने बदलणाऱ्या त्या शहराची नोंद करू लागल्या. त्यांच्या रात्रदृश्याच्या सुप्रसिद्ध छायाचित्राला सामान्यतः १९३२ हे साल दिले जाते. ते एम्पायर स्टेट इमारतीच्या उंचावरील खिडकीतून घेतलेले आहे.

हे छायाचित्र वर्षातील मोजक्याच दिवशी शक्य होते. कचेऱ्या पाच वाजता सुटत आणि दिवे मालवले जात; म्हणून त्यापूर्वी अंधार पडणे आवश्यक होते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात न्यूयॉर्कमध्ये सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. अ‍ॅबट यांनी हेच दिवस निवडले. सुमारे पंधरा मिनिटांचे प्रकाशन आवश्यक असल्याने एका सायंकाळी एकच प्रयत्न शक्य होता. वाऱ्याने कॅमेरा हलू नये म्हणून उघड्या गच्चीऐवजी बंद खिडकीमागची जागा त्यांनी पसंत केली.

चित्रात एकही माणूस ओळखू येत नाही; तरीही प्रत्येक उजळ चौकोन कोणाच्या तरी कामाच्या जागेची खूण आहे. या दृष्टीने ते शहराच्या श्रमकालाचे दस्तऐवज ठरते. मात्र ते एकांगी आहे. हा महामंदीचा काळ होता आणि १९३३ पर्यंत अमेरिकेतील सुमारे एक चतुर्थांश कामकरी वर्ग बेकार झाला. स्वतः एम्पायर स्टेट इमारतीतील बरीच जागा त्या वर्षांत भाड्याविना पडून होती. झगमगत्या खिडक्यांच्या या दृश्यात बेकारांना जागा नाही. ज्याला काम नाही, त्याची खिडकीही नाही.

प्रकाशाची वास्तुरचना

मीस व्हान डेर रोह यांनी फिलिप जॉन्सन यांच्यासह उभारलेली अडतीस मजली सीग्रम इमारत १९५८ मध्ये पूर्ण झाली. रिचर्ड केली यांच्या प्रकाशयोजनेत प्रत्येक मजल्याच्या बाह्य कडेलगत उजळ छत होते. सायंकाळनंतर संपूर्ण इमारत प्रकाशाच्या मनोऱ्यासारखी दिसावी, हा त्यामागील हेतू होता. एझ्रा स्टोलर यांच्या संधिप्रकाशातील छायाचित्रात हा हेतू पूर्णत्वास गेलेला दिसतो. येथे दिवे वास्तुरचनेचाच भाग बनले आहेत. त्यामुळे उजळलेल्या खिडकीवरून आत कोणी काम करीत असल्याचा निष्कर्ष काढता येत नाही.

समारोप

चोपन्न वर्षांच्या या कालावधीत संधिप्रकाशाचा अर्थ तीनदा बदलला. स्टायकेन यांच्यासाठी तो भाववृत्ती होता, अ‍ॅबट यांच्या चित्रात तो कचेरी सुटण्यापूर्वीचा अर्धा तास झाला आणि स्टोलर यांच्या चित्रात तो वास्तूच्या प्रदर्शनाचा मुहूर्त ठरला. म्हणून अशा छायाचित्राचा पुरावा म्हणून उपयोग करताना इमारतीचे नाव व साल यांबरोबरच दिवा कोणी, कशासाठी आणि किती वाजेपर्यंत लावला होता, हेही अभ्यासकाने तपासले पाहिजे.